हप्त्याचं पुस्तक

आमच्या शेजारच्या आजींचे हात आता थरथरतात. कपाटाच्या वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की त्या मधल्या भिंतीवर काठीने दोनदा ठोकतात आणि मी जाते. इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या क्वीन्स पार्क भागातली ही विटांची घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की त्यांचा रेडिओ मला ऐकू येतो आणि माझी फोडणी त्यांच्यापर्यंत पोचते. फेब्रुवारीत त्यांनी असंच बोलावलं. घराची कुठलीशी जुनी पावती हवी होती. पावती काही सापडली नाही. सापडला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, आणि त्यात दोन पुस्तकं.

एक रेशनचं. मळकट पिवळ्या कागदाचं, कडा मऊ पडलेल्या, आत चौकोनच चौकोन. काही कात्रीने कापलेले, काहींवर फुली मारलेली. दुसरं त्याहून लहान, निळ्या पुठ्ठ्याचं. कपडे धुण्याच्या मशीनच्या हप्त्यांचं. त्यातही चौकोनच, फक्त प्रत्येक चौकोनात दुकानाचा जांभळा शिक्का आणि बाजूला शाईने घातलेली तारीख. पहिल्या पुस्तकाचं काम १९५४ साली संपलं, दुसऱ्याचं १९५९ साली सुरू झालं. मध्ये फक्त पाच वर्षं.

“घेऊन जा, निवांत बघ आणि परत आणून दे,” आजी म्हणाल्या. तेव्हापासून ती दोन्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर होती. भाजी निवडताना मी ती उघडायची. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनविषयी मी पुष्कळ वाचलंय, पण एक देश रांगेतून उठून दुकानात कसा गेला आणि त्या वाटेत त्याने काय मिळवलं, काय सोडलं, हे मला या दोन पुस्तकांनी जितकं जवळून दाखवलं तितकं कुणी दाखवलं नव्हतं.

रेशन हा शब्द माझ्यासाठी डोंबिवलीचा आहे. घासलेटाचा वास, तांदळातले खडे, आईच्या हातातली जाड कापडी पिशवी. पण मुंबईत रेशनिंग आलं ते १९४३ साली, याच युद्धात आणि याच लोकांच्या राजवटीत. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं भुकेने रस्त्यावर मरत होती. त्यामुळे आजी जेव्हा आठवड्याच्या एका अंड्याची गोष्ट सांगतात तेव्हा मी मनापासून ऐकते, आणि ते दुसरं चित्रही मनातून हलत नाही. दोन्ही खरं आहे. एकासाठी दुसरं पुसायचं, हे मला जमत नाही.

इथे रेशनिंग सुरू झालं ८ जानेवारी १९४० रोजी, लोणी, साखर आणि बेकनपासून. युद्ध संपलं तेव्हा ते संपलं असेल असंच आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात युद्धात कधीही रेशनवर नसलेला पाव जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला आणि दोन वर्षं राहिला. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या. त्यांची आई स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून रडली होती, हे त्यांना आठवतं. बॉम्ब पडत होते तेव्हा न रडलेली बाई पावासाठी रडली. कपड्यांची कुपनं १९४९ च्या मार्चपर्यंत चालली. गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशन एप्रिल १९४९ मध्ये उठवलं तर दुकानं अशी रिकामी झाली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा लावावं लागलं. ते कायमचं गेलं ५ फेब्रुवारी १९५३ रोजी. आजी त्या दिवशी शाळेची मैत्रीण बरोबर घेऊन दुकानात गेल्या, पाव पौंड टॉफी घेतल्या आणि बाहेर येऊन एकही खाल्ली नाही. सोळा वर्षांच्या मुलीला आता गोळ्यांचं ते काय, असं त्यांना वाटलं. सगळ्या धाकट्या भावाला दिल्या. मांसावरचं बंधन उठलं ४ जुलै १९५४ रोजी, आणि चौदा वर्षांचा हिशेब मिटला.

जिंकलेल्या देशावर ही पाळी का आली? कारण तिजोरी रिकामी होती. अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज काढलं, त्यावर कॅनडाचं वेगळं. हे कर्ज फेडता फेडता २००६ सालचा डिसेंबर संपत आला. तेव्हा शेवटचा हप्ता गेला. म्हणजे आजींच्या मशीनचा हप्ता फिटून पंचेचाळीस वर्षं झाली तरी देशाचा चालूच होता. आणि देणं फक्त अमेरिकेचं नव्हतं. युद्धात हिंदुस्थानातून जे सैनिक, धान्य, कापड, चामडं नेलं त्याची रक्कम लंडनमध्ये वहीवर मांडून ठेवली होती. युद्ध संपताना ती १०० कोटी पौंडांच्या वर गेली होती. रायगड जिल्ह्यातल्या आपल्या चिंतामणराव देशमुखांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून हा विषय लावून धरला. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वूड्सला भरलेल्या आर्थिक परिषदेला गेलेल्या आपल्या मंडळींमध्ये ते होते. तिथेच, त्याच मंडळींतल्या ए. डी. श्रॉफांनी सांगितलं होतं की आमची गत, बँकेत दहा लाख डॉलर असूनही टॅक्सीचं भाडं द्यायला खिशात पैसे नसलेल्या माणसासारखी झाली आहे. ब्रिटनच्या सुबत्तेच्या कुठल्याही गोष्टीत ही वही उघडी ठेवली पाहिजे, असं मला वाटतं.

तरीही त्या पिवळ्या पुस्तकाविषयी मला आदर आहे. ते राजवाड्यातही होतं आणि खाणकामगाराच्या घरातही होतं. आपल्या वाट्याला येतं तेवढंच शेजाऱ्याच्याही येतं, ही खात्री त्या चौकोनांत होती. काळा बाजार होता, ओळखीने मिळणारं लोणीही होतं, पण तो गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. १९४५ च्या जुलैमध्ये मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या आणि युद्ध जिंकून देणारे चर्चिल घरी गेले, त्यामागे हीच खात्री होती असं मी समजते. संकट सगळ्यांनी मिळून पेललं, तर शांततेचे दिवसही मिळूनच उभे करू. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. अनायरिन बेव्हन या वेल्सच्या खाणकामगाराच्या मुलाने ती उभी केली. पहिल्या वर्षात चष्म्यांसाठी आणि कवळ्यांसाठी झुंबड उडाली. किती लोक किती वर्षं धूसर बघत होते, न चावता गिळत होते, हे तेव्हा देशाला कळलं. आजींच्या आईला पहिला चष्मा तेव्हाच मिळाला. तोवर ती वूलवर्थच्या दुकानातल्या ट्रेमधून आपल्या डोळ्याला जुळेल तो उचलून आणायची. १९५१ मध्ये सरकारने चष्म्या-कवळ्यांना निम्मे पैसे लावायचं ठरवलं तेव्हा बेव्हननी मंत्रिपद सोडलं. रक्कम छोटी होती, पण दवाखान्याच्या दारात पैशाचा प्रश्न पहिल्यांदा आला होता.

आता विटांकडे येते, कारण बेडफर्डमध्ये राहून त्या टाळता येत नाहीत.

इथून थोड्या अंतरावर स्टूअर्टबी नावाचं गाव आहे. वीटभट्टीवाल्या कंपनीने आपल्या कामगारांसाठी १९२६ पासून वसवलेलं. तिथल्या मातीत मुळातच इतका जळणारा अंश आहे की वीट भाजायला कोळसा कमी लागतो. त्यामुळे वीट स्वस्त पडते. एके काळी ही जगातली सर्वांत मोठी वीटभट्टी मानली जायची. २०२१ साली उरलेली चार धुरांडी सुरुंग लावून पाडली. बॉम्बने पडलेल्या घरांच्या जागी नवी घरं उभी राहायची होती. मजूर पक्षाच्या काळात दहा लाखांवर घरं झाली. १९५१ मध्ये हुजूर पक्ष परत आला तो वर्षाला ३ लाख घरांचं वचन देऊन, आणि ते ज्यांच्यावर सोपवलं त्या मंत्र्याचं नाव हॅरॉल्ड मॅकमिलन. त्यांनी घरं थोडी लहान केली आणि आकडा गाठून दाखवला. पण इतक्या विटा भाजणार कोण? धूळ, धग, पाळ्या. युद्धानंतर इथल्या तरुणांना त्याहून बरी कामं मिळत होती. मग कंपनीने १९५१ पासून दक्षिण इटलीतली माणसं करारावर आणायला सुरुवात केली. नेपल्सच्या आसपासच्या, शेतीवर भागत नसलेल्या गावांतून ती आली आणि सुरुवातीला युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या जुन्या छावण्यांमध्ये राहिली. लोकांची घरं बांधायला आलेल्या या माणसांना घर मात्र नव्हतं. हळूहळू त्यांनी आमच्यासारख्या गल्ल्यांमध्ये खोल्या घेतल्या, बायकामुलांना बोलावलं. १९५४ मध्ये बेडफर्डात इटलीचा उपवाणिज्यदूत आला, १९६५ मध्ये त्यांचं स्वतःचं चर्च झालं. त्यांच्या मागून पंजाबी आले.

आजींचे यजमान त्याच भट्टीवर होते. ते घरी आले की मोज्यांतूनसुद्धा लाल भुकटी निघायची, असं त्या सांगतात. आठवड्याचे तीन दिवस त्या कपड्यांशी झगडण्यात जायचे. तांब्याच्या मोठ्या बंबात पाणी तापवायचं, लाकडी दांड्याने ढवळायचं, खरखरीत फळीवर घासायचं, हाताने फिरवायच्या रुळांमधून पिळायचं आणि या देशाच्या आभाळाखाली ते वाळेल अशी आशा धरायची. हे वाचताना ज्यांना चाळीतल्या मोरीतलं धुणं आठवेल त्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

आणि मग तो दिवस. २० जुलै १९५७, शनिवार. मॅकमिलन आता पंतप्रधान झाले होते. बेडफर्डच्या फुटबॉल मैदानावर, फोर्ड एंड रोडवर, पक्षाच्या एका खासदाराच्या पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीचा सोहळा होता आणि त्यासाठी ते आले होते. त्या भाषणातलं एक वाक्य देशाच्या तोंडी बसलं: आपल्यातल्या बहुतेकांना इतके चांगले दिवस कधीच आले नव्हते. औद्योगिक शहरांत जाऊन बघा, शेतांवर जाऊन बघा, म्हणाले. लोक हे वाक्य बढाई म्हणून लक्षात ठेवतात. पुढचं वाक्य कुणी ठेवत नाही. पुढे ते म्हणाले की आपल्यातल्या काहींना आता काळजी वाटू लागली आहे, हे खरं वाटू नये इतकं चांगलं तर नाही ना, किंवा टिकू नये इतकं? महागाई वाढत होती आणि भाषण खरं तर सावधगिरीचं होतं. पण निवडणुकीला सावधगिरी कामाला येत नाही. तिच्या वेळी पहिलंच वाक्य उचललं गेलं.

त्या मैदानावर आता फुटबॉल नाही. फोर्ड एंड रोडवर गुरुद्वारा आहे, आणि मी भाजी आणायला त्याच रस्त्याने जाते. आजी त्या शनिवारी भाषणाला गेल्या नव्हत्या. वीस वर्षांच्या होत्या, नाचाला जायचं होतं आणि एका हिरव्या झग्याची शिलाई अर्धी राहिली होती.

त्या सुबत्तेला खोटं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. काम मागेल त्याला काम होतं. १९५० साली अख्ख्या देशात टीव्हीचे परवाने साडेतीन लाखांच्या आत होते, १९६० साली ते १ कोटीच्या वर गेले. राणीचा राज्याभिषेक २ जून १९५३ चा, तो पाहायला लोकांनी टीव्ही घेतले आणि ज्यांच्याकडे नव्हते ते शेजारी जाऊन खाली बसले. आपल्याकडे रामायणाच्या वेळी झालं तसंच. २२ सप्टेंबर १९५५ ला व्यापारी वाहिनी सुरू झाली आणि पहिली जाहिरात लागली टूथपेस्टची. बर्फाच्या लादीत रोवलेली ट्यूब. विकायचा माणूस आता दाराशी येत नव्हता, तो थेट बैठकीत येऊन बसला होता.

पण चांगले दिवस कुणाचे, हा प्रश्न राहतोच. १९५८ च्या उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे त्या भाषणानंतर साधारण वर्षाने, लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांच्या घरांवर हल्ले केले. हीच माणसं बस चालवत होती, इस्पितळांत रुग्णांची सेवा करत होती. चार वर्षांनी, १९६२ साली, कायदा झाला तो राष्ट्रकुलातून येणाऱ्यांची वाट अरुंद करणारा.

आता निळ्या पुस्तकाकडे. हप्त्याने वस्तू घेण्याला इथले लोक ‘नेव्हर-नेव्हर’ म्हणायचे, कधीच फिटत नाही ते. आजींच्या आईला हप्ता म्हणजे कलंक वाटायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण तिला ठाऊक नव्हती, पण ती जगली तीच म्हण. लेकीच्या पिढीला मात्र आठवड्याचा पगार ठरलेला होता आणि पुढच्या आठवड्यातही तो येणार याची खात्री होती. सुबत्ता म्हणजे मला वाटतं मुळात ही खात्रीच. ती आली कुठून? कामाची हमी, आजारपणात दवाखाना, पोराला शाळेत दूध. पायाखालची जमीन हलणार नाही हे ठाऊक असतं तेव्हाच माणूस दोन वर्षांच्या हप्त्यावर सही करतो. म्हणजे निळं पुस्तक पिवळ्या पुस्तकाच्या खांद्यावर उभं होतं. राजकारणात मात्र ही गोष्ट कुणी नीट सांगितली नाही. श्रेय सगळं दुकानाला गेलं.

सरकारच्या हातात हप्त्याची दोरी होती. महागाई वाढली की ती ओढायची, म्हणजे आधी भरायची रक्कम वाढवायची. १९५६ मध्ये कित्येक वस्तूंची निम्मी किंमत आधी मोजावी लागायची. ऑक्टोबर १९५८ मध्ये ही सगळी बंधनं उठवली. एप्रिल १९५९ च्या अंदाजपत्रकात प्राप्तिकरात पौंडामागे ९ पेन्स सूट दिली. ऑक्टोबर १९५९ मध्ये निवडणूक झाली. हुजूर पक्ष १०० जागांच्या बहुमताने परत आला. भिंतीवरची पोस्टरं सांगत होती, आमच्याबरोबर आयुष्य अधिक चांगलं आहे, मजूर पक्षाला ते बिघडवू देऊ नका. आणि १९६० च्या एप्रिलमध्ये हप्त्यांवरची बंधनं परत आली. या तारखा एका ओळीत मांडल्यावर मला राग येतो. लोकांच्या स्वयंपाकघरातल्या गरजेचा असा नळासारखा उपयोग करायचा, हवा तेव्हा सोडायचा, हवा तेव्हा बंद करायचा.

आजींचं मशीन १९५९ च्या मे महिन्यातलं. आठवड्याला ९ शिलिंग. पुस्तकावर सही त्यांच्या यजमानांची. बाईच्या एकटीच्या सहीवर दुकानदार द्यायला तयार नव्हता. पैसे भरायला मात्र दर शुक्रवारी आजीच जायच्या.

निवडणुकीनंतर हरलेल्या बाजूला मोठा धक्का बसला. मजूर पक्ष आता संपला का, यावर पुस्तकं निघाली. कामगाराच्या घरात फ्रीज आला, मशीन आलं, दाराशी गाडी आली, आता तो आपल्याला कशाला विचारेल, असा सूर. नोव्हेंबर १९५९ मध्ये ब्लॅकपूलच्या अधिवेशनात बेव्हन बोलले. हा तथाकथित सुबत्तेचा समाज अजूनही कुरूप आहे, असभ्य आहे, भपकेबाज आहे, असे त्यांचे शब्द होते. पुढच्याच जुलैत ते गेले. बेव्हनविषयी मला अपार आदर आहे, आणि तरी हे भाषण वाचताना मी अडखळते. त्यांना राग होता तो वस्तूंना माणसांपेक्षा मोठं करणाऱ्या व्यवस्थेचा, हे मला कळतं. पण ते शब्द ऐकणाऱ्या बाईच्या हाताला बंबाच्या वाफेने फोड आले असतील, तर तिने काय समजायचं? तिच्यासाठी मशीन हा भपका नव्हता. ते आठवड्यातले दोन मोकळे दिवस होते.

डावे लेखक-प्राध्यापकही याच ठिकाणी घसरले असं मला वाटतं. १९५७ सालीच रिचर्ड हॉगर्टचं ‘द युसेस ऑफ लिटरसी’ आलं. लीड्सच्या हन्सलेट भागातल्या कामगारवस्तीत, आईबाप गेल्यावर आजीजवळ वाढलेला हा मुलगा. त्या वस्तीतली आई, चूल, रविवारचं जेवण, बोलण्यातल्या म्हणी याविषयी तो जे लिहितो त्याला तोड नाही. पण तरुण पोरं कोपऱ्यावरच्या दुधाच्या बारमध्ये उभी राहून नाणं टाकून वाजणाऱ्या पेटीवर अमेरिकन गाणी लावतात, ते त्याला केवळ पोकळ दिसतं. जे त्याला दिसलं नाही ते त्याच महिन्यांत लिव्हरपूलमध्ये घडत होतं.

६ जुलै १९५७. मॅकमिलनच्या भाषणाच्या बरोबर दोन आठवडे आधी. वूल्टनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत सोळा वर्षांचा जॉन लेनन आपल्या पोरांबरोबर वाजवत होता आणि तिथे त्याला पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी भेटला. पॉल ज्या घरात राहायचा ते २०, फोर्थलिन रोड, नगरपालिकेचं भाड्याचं घर होतं, युद्धानंतर बांधलेलं. त्याची आई सुईण होती आणि आदल्याच वर्षी गेली होती. वडिलांनी दिलेला ट्रम्पेट देऊन त्याने गिटार घेतली. दोघंही परीक्षा देऊन चांगल्या शाळांत पोचलेले, ती वाट १९४४ च्या शिक्षण कायद्याने फुकट झाली होती. सक्तीच्या लष्करी सेवेची भरती १९६० च्या अखेरीला थांबली नसती तर यांचा ‘बीटल्स’ वाद्यवृंद वर्षभरही टिकला नसता. मला या गोष्टीत फार मोठा आनंद आहे. बाजाराने ही गाणी विकली, हे खरं. पण ती पिकली त्या जमिनीला खतपाणी घातलं होतं नगरपालिकेच्या घराने, शाळेच्या दुधाने, सरकारी दवाखान्याने. ते घर १९९५ पासून राष्ट्रीय वारसा म्हणून जपलं जातं, उमरावांच्या वाड्यांच्या बरोबरीने एकाच यादीत.

आणि कामगार खरोखरच बदलला होता का? आमच्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या ल्यूटनमध्ये हे कुणीतरी जाऊन विचारलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला समाजशास्त्रज्ञांच्या एका गटाने तिथल्या मोटार आणि इतर कारखान्यांतल्या २२९ कामगारांच्या मुलाखती घेतल्या, त्यांच्या घरी जाऊन, बायकांशीही बोलून. पगार चांगला, घरात वस्तू, काहींची घरं स्वतःची. तरी ही माणसं मध्यमवर्गीय झाली नव्हती. कारखान्यात ती कामगारच होती, आणि १९५९ मध्ये मत देणाऱ्यांपैकी सुमारे पाचांतल्या चौघांनी मजूर पक्षालाच दिलं होतं. आजींचंही ते पहिलं मतदान. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं. मी विचारलं, मशीन घरात येऊन पाच महिने झाले होते, मग मत कुणाला? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. “मशीन आम्ही घेतलं,” त्या म्हणाल्या, “त्यांनी थोडंच दिलं?”

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो मायकल यंग. मजूर पक्षाचा १९४५ चा जाहीरनामा लिहिणारा हा माणूस. तिशीचासुद्धा नव्हता. पुढे पक्षाचं काम सोडून तो पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये जाऊन बसला आणि साध्या माणसांना साधे प्रश्न विचारू लागला. आई कुठे राहते, तिला शेवटचं कधी भेटलात, बाळंतपणात कोण आलं. १९५७ मध्ये त्याने आणि पीटर विलमटने त्यावर पुस्तक लिहिलं. जुनी पडकी वस्ती पाडून ज्यांना शहराबाहेर स्वच्छ नवी घरं दिली, त्यांना नळ मिळाला, बाग मिळाली, पण हाकेच्या अंतरावरची आई, मावशी, दारातल्या गप्पा गेल्या. रिकाम्या संध्याकाळी टीव्ही आला. म्हणजे आपल्याच पक्षाने बांधलेल्या घरांचा हिशेब तो प्रामाणिकपणे मांडत होता. घर देताना माणसं मोडू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच बेथनल ग्रीनमधल्या एका गॅरेजातून ‘विच?’ हे मासिक निघालं. विजेच्या किटल्या, उन्हाचे चष्मे, ॲस्पिरिन तपासून त्यांतलं कोणतं घ्यावं हे सांगणारं. जाहिरात घ्यायची नाही, वाचकांच्या वर्गणीवर चालायचं. काहींना वाटलं यंगने राजकारण सोडून किटल्या धरल्या. मला तसं वाटत नाही. १९४५ ला जो प्रश्न त्याने देशाला विचारला तोच आता दुकानाच्या गल्ल्यावर विचारत होता: एकट्या माणसाला जे कळत नाही आणि झेपत नाही, ते दहा जणांनी मिळून केलं तर?

हे मला इतकं ओळखीचं वाटतं याला कारण आहे. माझी आई मुंबई ग्राहक पंचायतीची सभासद होती. १९७५ साली सुरू झालेली ही चळवळ. आमच्या इमारतीतल्या आणि शेजारच्या मिळून काही घरांचा एक संघ होता. महिन्याची यादी भरून द्यायची, ठरल्या दिवशी टेम्पो यायचा आणि कुणा एकीच्या घरात डाळ, साबण, तेल, पोहे यांचे ढीग लागायचे. बायका यादीप्रमाणे वाटप करायच्या. मी पुड्या मोजायला मदत करायचे. एका दिवाळीत एका घराचं उटणं कमी आलं. आई काही न बोलता आमच्यातलं निम्मं त्यांच्या पिशवीत घालताना मी पाहिलं. पैसे वाचायचे, माल चोख असायचा, हे झालंच. पण त्या दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत गिऱ्हाईक आणि शेजारीण हे दोन वेगळे शब्द नव्हते.

पुढे इथेही बरंच बदललं. १९८० च्या कायद्याने नगरपालिकेची घरं भाडेकरूंना विकत घेता येऊ लागली. कित्येकांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं छप्पर मिळालं, आणि त्यांच्या नातवंडांना आज भाड्यालाही घर मिळत नाही. स्टूअर्टबीच्या भट्ट्या २००८ मध्ये विझल्या. फक्त दवाखाना अजून उभा आहे, दमलेला, रांगा लागलेला. आणि आजींना तिथे वेळ मिळवून द्यायला मी दर वेळी सकाळी आठ वाजता फोन हातात घेऊन बसते.

काल रात्री पुस्तकं परत द्यायची म्हणून निळं पुस्तक शेवटचं चाळलं. शिक्के १०४. एकही चुकलेला नाही, शेवटचा १९६१ च्या मे महिन्याचा. मग मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या फिकट रेघा दिसल्या. दिव्याखाली धरलं. पट्टीने आखलेला तक्ता होता. वर आठवड्याचे वार, खाली आकडे. हप्त्यांचे नव्हते, फार लहान होते. सोमवारी आजींच्या घराचा नंबर. बुधवारी समोरच्या घराचा. गुरुवारी कोपऱ्यावरच्या घराचा, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात ‘बाळ’. शुक्रवारी पुन्हा आजींचा, भट्टीच्या कपड्यांचा दिवस.

मंगळवारच्या चौकोनात माझ्या घराचा नंबर होता. सकाळी विचारलं तर आजी म्हणाल्या, तेव्हा तिथे इटालियन बाई राहायची, तिला इंग्रजी यायचं नाही, म्हणून मी तिला आकडा लिहून दाखवला होता.